प्लॉट फसला, तर दलालाला जबाबदार धरता येतं का?

समजा, यवतमाळच्या आर्णी रोडवर एका नव्या लेआउटमध्ये प्लॉट आहे. दलाल म्हणतो, "एनए झालेलं आहे, बिनधास्त घ्या." इसार दिला जातो. नंतर सातबारा काढल्यावर कळतं, जमीन अजून शेतीचीच आहे. मग दलालाचं ठरलेलं उत्तर येतं, "मी फक्त भेट घालून दिली."

हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. २०१६ चा रेरा कायदा फ्लॅटपुरता नाही, प्लॉट पाडून विकण्यालाही तो लागू होतो. शहराच्या नियोजन क्षेत्रातलं लेआउट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल, तर साधारणपणे महारेराची नोंदणी लागते. अशा प्रकल्पात सौदा जुळवणाऱ्या दलालालाही वेगळी नोंदणी लागते आणि प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. २०२३ मध्ये महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. कलम १० प्रमाणे नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकून देणं किंवा नसलेली मंजुरी असल्याचं सांगणं दलालाला मना आहे.

दंड आहे रोज १० हजार रुपये, पण एकूण किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे २० लाखांच्या प्लॉटवर फार तर एक लाख. गोम पुढे आहे. हा दंड सरकारजमा होतो, ग्राहकाच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही.

अडकलेले पैसे व्याजासह परत मागायचे असतील, तर लेआउटवाल्यालाही तक्रारीत ओढावं लागतं. त्याने दलालाकडे बोट दाखवून सुटता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३८ सांगतं की एजंटने काम करताना केलेली फसवणूक मालकानेच केल्यासारखी धरली जाते.

शेतजमीन किंवा जुनं घर घेताना मात्र सहसा रेरा कामी येत नाही. तिथे आधार करार कायद्याचा. ग्राहकासाठी काम करणारा दलाल गुपचूप स्वतःचाच माल त्याच्या गळ्यात मारत असेल, तर ग्राहक तो व्यवहार नाकारू शकतो. दलाली घेऊन सेवेत कसूर केली, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, वकील न लावताही.

या सगळ्यात अडचण येते ती पुराव्याची. दलाली बहुतेकदा रोख दिली जाते, पावती कुणी मागत नाही. अशा वेळी 'एनए झालंय' असा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज डिलीट न करणंच ग्राहकाच्या फायद्याचं.