कुदळ खालीं ठेवणारे हात

आपल्याकडील पुष्कळ मंडळी हल्लीं मुलाबाळांस भेटावयास सिडनीस जातात. गेल्यावर बंदराकाठची 'द रॉक्स' ही जुनी वस्ती पाहणें ओघानेंच आलें. जरूर पाहावी. पण पुलाखालीं छायाचित्र काढलें, महागडी कॉफी घेतली आणि परतलें, अशी यात्रा करूं नये.

ही जागा मूळची कॅडिगल लोकांची. १७८८ सालीं इंग्रजांनीं तेथें आपले कैदी उतरविले. खडक फोडून काढलेली आर्गाइल कट नांवाची वाट याच कैद्यांनीं १८४३ सालीं छिन्नी-हातोड्यानें खणावयास घेतली. पुढें गोदीमजूर व खलाशी येथें राहिले. १९०० सालीं प्लेग आला आणि सरकारनें सारी वस्ती ताब्यांत घेतली. रोग आला कीं गरिबाचेंच घर घाणेरडें ठरतें, हें मुंबई-पुण्याच्या लोकांस कोणी सांगावयास नको! १९३२ सालीं खुला झालेल्या पुलासाठीं शेंकडों घरें पडलीं. भाडेकरूंस भरपाई नाहीं.

१९७० च्या सुमारास उरलेलीं घरें पाडून तेथें उंच इमारती उठविण्याचा सरकारी बेत झाला. तेव्हां रहिवासी गेले कोणाकडे? बांधकाम मजुरांच्या संघाकडे. जॅक मंडी हे त्याचे चिटणीस. १९७१ पासून या मजुरांनीं स्पष्ट सांगितलें, कीं रहिवाशांस नको असेल तें पाडकाम आम्ही करणार नाहीं. १९७३ सालीं पोलिसांनीं मंडींसह अनेकांस पकडलें, तरी ते हटले नाहींत. अखेर सरकारलाच बेत बदलावा लागला. आज ज्या दगडी भिंतींचें सुशिक्षित प्रवासी कौतुक करितात, त्या मजुरानें कुदळ खालीं ठेविली म्हणून उभ्या आहेत. आमच्याकडे वारसा म्हटला कीं पागोटें पंडितांसच बांधावयाचें, म्हणून हें मुद्दाम लिहितों.

आणि त्या रहिवाशांचें काय झालें? उठलेल्यांसाठीं सरकारनें १९८० च्या सुमारास सिरियस ही चाळवजा इमारत बांधली. २०१४ सालीं तीच इमारत व शेजारच्या मिलर्स पॉइंटमधील सरकारी घरें विकावयाचें ठरलें. म्हातारेकोतारे भाडेकरू हलविले गेले. २०१९ सालीं सिरियस १५ कोटी डॉलरांस गेली. रस्त्याला मात्र मंडींचें नांव आहे! नांव दिलें आणि घरें विकलीं.

तेव्हां जाणारांनीं सुसाना प्लेस चुकवूं नये. १८४४ सालचीं तीं चार कामकरी घरें आतां संग्रहालय आहेत. तेथील लहानशा खोल्या पाहाव्या आणि बाहेर पडल्यावर या वस्तींत आज गोदीमजूर किती राहतात, हें कोणाला तरी विचारावें.