सत्तरीनंतर मुतखड्याचं ऑपरेशन करावं का? धोका नेमका कुठे असतो?

"आता या वयात कशाला चिरफाड?" सत्तरीतल्या आजोबांना मुतखडा निघाला की हा प्रश्न घरात येतोच. तिशीतल्या मुलाला तसाच खडा झाला, तर ऑपरेशनची तारीख लगेच ठरते.

आता चिरफाड फारशी होत नाही. दोन सेंटीमीटरपेक्षा मोठा खडा असेल, तर पाठीवर साधारण एक सेंटीमीटरचं छिद्र पाडून, दुर्बिणीने फोडून तो काढतात. यालाच पीसीएनएल म्हणतात. लहान खड्यासाठी बहुतेक वेळा लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून लेसर वापरतात.

मग वयाने काय फरक पडतो? जगभरातल्या 96 केंद्रांमधल्या 5,800 हून अधिक पीसीएनएल रुग्णांची माहिती जमवली गेली होती. त्यातल्या सत्तरीपुढच्या रुग्णांची तरुणांशी तुलना 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. खडा निघण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. गुंतागुंत मात्र वयस्करांत जास्त आढळली.

म्हणजे खडा निघेल का, हा प्रश्नच नाही. प्रश्न पुढच्या चार-आठ दिवसांचा आहे. वयाबरोबर मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या येतात. खड्यात दडलेले जंतू तो फोडताना रक्तात जाऊ शकतात. तरुणाला सणकून ताप भरतो, तो लगेच कळतो. आजी मात्र नुसती गुंगीत राहते, असंबद्ध बोलते, आणि घरच्यांना वाटतं थकली असेल.

कर्जत-खालापूरकरांनी विचार करायचा तो इथे. अशा ऑपरेशनसाठी अनेकजण पनवेल, नवी मुंबई किंवा कल्याण गाठतात. डिस्चार्ज मिळाला की पेशंट पुन्हा डोंगराखालच्या वाडीत. तिथे रात्री दोनला तब्येत बिघडली तर? कुठे न्यायचं, फोन कोणाला करायचा, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहूनच घ्या. 108 ची रुग्णवाहिका आहे, पण घाटवाटेला वेळ लागतो. माझं मत विचाराल तर, वयस्कर पेशंटला एक-दोन दिवस जास्त ठेवून घ्या म्हणायला लाजू नका.

ऑपरेशनआधी लघवीची कल्चर तपासणी झाली का, ते विचारा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ते ठरवतील. खड्याने लघवी अडलेली असताना थंडी-ताप आला, तर थांबायचं नाही. अशा वेळी आधी नळी टाकून मूत्रपिंड मोकळं करतात, खडा नंतर काढतात.

पैशांचं काय? ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. निवडलेलं रुग्णालय योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधीच विचारा.

आणि स्टेंट. ऑपरेशननंतर आत ठेवलेली ही नळी ठरलेल्या दिवशी काढावी लागते. तरुण स्वतः लोकल पकडून जातो. आजोबांना कोणीतरी न्यावं लागतं, आणि ते "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणतात. विसरलेल्या स्टेंटवरच नवे खडे जमतात. ती तारीख घरातल्या एकाने आपल्या मोबाईलमध्ये टाकून ठेवावी.