दुसऱ्याची रजा

उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या शहरी जावे, स्टेशनाजवळ लॉज पाहावा आणि दिवसभर मुलाबाळांसह ते शहर हिंडून रात्री दमून परतावे, यात मुंबईच्या नोकरदार कुटुंबाला आता काही अप्रूप उरलेले नाही. गिरगाव-दादरकडील सरकारी आणि बँकांतील नोकरवर्ग रजा प्रवास सवलतीच्या आधाराने वर्षानुवर्षे असा हिंडत आला आहे. परंतु असा एक दिवस कुटुंबाच्या पदरात पडण्यासाठी काय काय जुळून यावे लागते, याचा विचार अर्थशास्त्र शिकविण्यात उमेद घालविलेल्या मीही गेल्या हिवाळ्यापर्यंत नीटसा केला नव्हता.

गेल्या नाताळच्या सुटीत पत्नी, शाळकरी मुलगी आणि पंचाहत्तरीकडे झुकलेले वडील यांच्यासह मी पंजाब मेलने ग्वाल्हेरला गेलो. मराठी माणसाला हे शहर फारसे परके वाटत नाही. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला त्या भागाला आजही लष्कर म्हणतात, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली नसती तर आपल्या संगीताचा इतिहास निराळा झाला असता. लॉज साधा होता. सकाळी गरम पाणी बादलीने मिळे आणि तेही मागावे लागे. परंतु तिथे कोणी शिट्टी वाजवून बसमध्ये बसा म्हणणारा नव्हता, ही केवढी सोय!

किल्ल्यावर मोटारी पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने जातात. आम्ही पूर्वेकडील किला गेटची चढण पायीच धरली. वडील चार ठिकाणी बसले. त्यांच्या या बसण्यामुळेच, मोटारीतून जाणाऱ्यांना सहसा न दिसणारे, कातळात कोरलेले चिमुकले चतुर्भुज मंदिर आम्हांला निवांतपणे पाहता आले. तिथल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात 270 हात लांबीच्या बागेचा आणि देवाला रोज द्यावयाच्या 50 माळांचा उल्लेख आहे. या दोन्ही संख्यांतले शून्य आपण आज काढतो तसेच वाटोळे आहे. मुलीची थोडी निराशा झाली. एवढे प्रसिद्ध शून्य इतके लहान असेल असे तिला वाटले नव्हते. वर मानसिंह तोमराचा राजवाडा आणि त्याच्या भिंतीवरील निळ्या फरशांची बदके पाहून आम्ही खाली उतरलो, तानसेनाच्या समाधीपाशी डबा उघडला. जयविलास राजवाडा आणि त्यातील चांदीची आगगाडी दुसऱ्या दिवसावर टाकली.

वडिलांनी मात्र कुणाकडे तरी चौकशी केलेली होती. तानसेनाच्या समाधीपासून बिर्लानगर दूर नाही हे त्यांना कळले होते. बिर्लांनी शिंदे संस्थानच्या काळात उभारलेली जियाजीराव कॉटन मिल्स ही गिरणी तिथलीच. ती 1990 च्या दशकात बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे दशकानुदशके रेंगाळत राहिला. बंद आवाराच्या भिंतीलगत वडील बराच वेळ चालले. जवळच्या चहाच्या टपरीवर त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता. वडिलांनी आपल्या लालबागी हिंदीत त्याला विचारले, "कौनसे खाते में थे?" त्याने विणाईचे खाते सांगितले. वडीलही साचेखात्यातलेच. पुढचा पाऊण तास आम्हां तिघांना कोणी विचारले नाही. त्या दिवसात वडिलांनी सर्वांत मन लावून पाहिलेले स्थळ कोणते, असे विचारल्यास त्या टपरीकडेच बोट दाखवावे लागेल.

रात्री लॉजवर मी त्यांना सहज म्हटले, "बाबा, तुम्ही पूर्वी कधी असे फिरायला का गेला नाहीत?" ते म्हणाले, "मी बदली होतो ना."

हे वाक्य आजच्या तरुण वाचकास उलगडून सांगावे लागेल. गिरणीत कायम कामगार हजर नसेल तर त्या दिवसापुरता साचा ज्याच्या हाती येई, तो बदली कामगार. तो रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राही. काम मिळाले तर मजुरी, नाहीतर घरी. कारखाने कायदा, 1948 अन्वये कॅलेंडर वर्षात किमान 240 दिवस काम भरले, तर पुढील वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे. माझ्या वडिलांचे दिवस कधी 190 भरत, कधी 210. शिवाय मे महिन्यात कायम कामगार कोकणात गेले म्हणजेच बदलीवाल्याला सलग काम मिळे. दुसऱ्याची रजा हाच त्याचा हंगाम. म्हणून आमचे वडील मे महिन्यात कधी गावी आले नाहीत. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि कायम व बदली हा भेदच निकालात निघाला. त्यानंतर निवृत्तीच्या वयापर्यंत त्यांनी रखवालदारी केली, ती ठेकेदारांकडे. तिथेही दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागत.

आता ही जुनी रडकथा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, त्यांच्या दारात उभा असणारा मनुष्य कोण आहे? नव्या कामगार संहितेने 240 दिवसांची अट 180 वर आणली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली, हे चांगलेच झाले. मात्र दिवस मोजणारा मालकच सात-आठ महिन्यांनी बदलत असेल, तर अट सैल करून भागत नाही. घरोघर जेवण पोचविणाऱ्या दुचाकीस्वारांची सामाजिक सुरक्षा संहितेने दखल घेतली खरी, पण पगारी रजा त्यांच्या वाट्याला तीतही नाही. ही मंडळी नव्या काळातील बदलीच होत.

सुटी ही चैन आहे, अशी आपल्या धोरणकर्त्यांची समजूत दिसते. ऑक्टोबर 2020 मध्ये साथीमुळे प्रवास अशक्य होता, तेव्हा केंद्र सरकारने रजा प्रवास सवलतीचे पैसे वस्तू खरेदीसाठी वापरण्याची मुभा दिली. भाड्याच्या तिप्पट रकमेचा, 12 टक्के किंवा अधिक वस्तू व सेवा कर असलेला माल घ्यावा, अशी अट होती. मागणीला चालना देण्याचा उपाय म्हणून मी तो वर्गात शिकविलाही. प्रवासाच्या ठिकाणी शीतकपाट चालू शकते, हा त्यामागचा हिशेब मला तेव्हा खटकला नव्हता.

यावर उपाय नाही असे नाही. भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक नोकरी बदलली तरी 2014 पासून तोच राहतो. कामगाराच्या रजेचे दिवसही अशाच खात्यात जमा व्हावेत, ठेकेदार बदलला तरी ते पुसले जाऊ नयेत. दर 20 दिवसांमागे एक दिवस म्हणजे मजुरीच्या पाच टक्के बोजा. तो ठेकेदाराला झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी निविदांचे दर एकदा उघडून पाहावेत. सुरुवात सरकार आणि महानगरपालिका यांनी स्वतःच्याच ठेक्यांपासून करावी. त्यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. निविदेत एक कलम घातले की पुरे.

परतताना ग्वाल्हेरहून आम्ही गजक आणली. आमच्या इमारतीचा रखवालदार तिकडचाच, भिंड जिल्ह्यातला. एक पुडा वडिलांनी त्याच्या हाती दिला, तेव्हा गजक कुठल्या दुकानातली हे त्याने वासावरून ओळखले. दोन वर्षे तो घरी गेलेला नाही. होळीला जावे असे त्याच्या मनात आहे, परंतु ठेका मार्चअखेर संपतो, नवा ठेकेदार कोण येतो ते पाहून मग ठरवीन, असे म्हणाला.