लाईनमन ते न्यायमूर्ती

लाईनमन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विजेच्या खांबावर चढलेला माणूस येतो. अमेरिकेत मात्र फुटबॉलच्या पहिल्या फळीत उभ्या राहणाऱ्या धिप्पाड गड्यालाही लाईनमन म्हणतात. तिथला हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हाती घेऊन पळायचे आणि समोरच्याने त्याला आडवे पाडायचे. लाईनमनच्या हाती चेंडू क्वचितच येतो. त्याचे काम अंगाने भिडण्याचे. अशा एका लाईनमनची, अ‍ॅलन पेज यांची, हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

ओहायो राज्यातील कॅन्टन गावी १९४५ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. याच गावात व्यावसायिक फुटबॉलपटूंचे कीर्तिमंदिर आहे. त्याचे बांधकाम चालू असताना तरुण पेज तिथे मजुरीला होते. १९८८ साली त्याच कीर्तिमंदिरात त्यांना मानाचे स्थान मिळाले!

१९६७ पासून ते मिनेसोटा वायकिंग्ज संघाकडून खेळले. १९७१ साली सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान मिळवणारे ते पहिले बचावपटू ठरले. पण अंगातली ताकद जन्माला पुरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. खेळत असतानाच शिकून १९७८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १९८१ साली मैदान सोडले, वकिली केली. तिथे राज्याच्या न्यायाधीशपदासाठी निवडणूक होते. १९९२ साली ती जिंकून ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले आणि २०१५ साली, सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे, निवृत्त झाले.

कीर्तिमंदिरातील सोहळ्यात आपली ओळख करून द्यायला त्यांनी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले होते. भाषणात ते शिक्षणावरच बोलले. संघाच्या बैठकीत डावपेचांची वही वाचायला सांगितली, तेव्हा काही सहकाऱ्यांना ती वाचताच येईना, हा अनुभव त्यांनी सांगितला. कॉलेजातून आलेले हे गडी! खेळतात म्हणून त्यांना वरच्या वर्गात ढकलले गेले होते.

त्याच वर्षी पेज आणि त्यांच्या पत्नी डायान यांनी शिष्यवृत्ती निधी सुरू केला. त्याची एक अट आम्हाला फार मोलाची वाटते. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने लहान मुलांच्या अभ्यासासाठी आपला वेळ दिलाच पाहिजे.

हे वाचून आम्ही मनातून ओशाळलो. गुणवंतांच्या सत्काराला आम्ही वर्षानुवर्षे वर्गणीचा हिशेब ठेवला, वह्या मोजून वाटल्या, फोटो काढले. पण सत्कार झालेल्या मुलाला, 'शेजारच्या चौथीतल्या पोराला आठवड्यातून एक तास शिकवशील का?' असे आम्ही कधी विचारले नाही. हिशेबाच्या वहीत हा रकानाच नव्हता.

वाचकहो, यंदा तुमच्या वस्तीत सत्कार असेल, तर हार-नारळाबरोबर एवढा प्रश्न जरूर विचारा. आम्हीही विचारणार आहोत.