लग्नघरीं ग्रामधर्म कोणाचा?

लग्नसराई सुरू झाली कीं घरोघर पत्रिका येऊं लागतात. पूर्वीं पत्रिकेवर कुलदेवतेचें नांव, मुहूर्त आणि वडीलधाऱ्यांची नामावळी एवढाच मजकूर असे. हल्लीं तिच्यासोबत आणखी एक चिठ्ठी असते. मेहंदी अमुक दिवशीं, हळदी अमुक सायंकाळीं व तीस पिवळे कपडे घालून यावें, संगीत अमुक सभागृहांत. घर कोणतेंहि असो, क्रम हाच आणि रंगहि हेच. कोणत्या सूत्रांत हा विधि सांगितला आहे असें विचारावें, तर उत्तर नाहीं. तरी तो इतक्या निष्ठेनें पाळला जातो, कीं त्याच्यापुढें सप्तपदी ही उरकून घेण्याची बाब झाली आहे. हा नवा आचार घालून दिला कोणीं, याचा विचार या महिन्यांत करूं.

प्रथम शास्त्राकडे वळूं. आश्वलायन गृह्यसूत्रांत विवाहाचें प्रकरण सुरू होतांना सूत्रकार प्रांजळपणें सांगतात कीं, देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार नाना प्रकारचे आहेत, विवाहांत ते पाळावे. आम्ही सर्वत्र समान आहे तेवढेंच सांगतों. सूत्रकारांना एवढी मोकळीक ठेवतां आली, कारण त्यांच्या काळीं गांव म्हणजे ओळखीचीं माणसें होतीं. उष्टी हळद, रुखवत, कानपिळी, सूनमुख यांतलें पुष्कळसें पोथींत नाहीं. तें आजीच्या आणि आत्याच्या स्मरणांत असे, आणि भटजीहि अडलें कीं त्यांच्याकडेच पाहत.

आतां आमचें कामोठे घ्या. पनवेलजवळचें हें मूळचें आगरी वस्तीचें गांव. सिडकोनें भोंवतालीं सेक्टर आंखले, इमारती उठल्या, आणि २०१६ सालीं हा सारा भाग पनवेल महानगरपालिकेंत आला. आगरी समाजाच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण ही मोठ्या मानाची बाई. जुन्या रीतीप्रमाणें लग्नाचा एकेक विधि तिच्या गाण्याबरोबर पुढें सरकत असे. त्या समाजाचा ग्रामधर्म तिच्या मुखीं होता. सेक्टरांत मात्र एकाच जिन्यावर रत्नागिरीचें, साताऱ्याचें व जळगांवचें अशीं तीन कुटुंबें राहतात. तिघांच्या चाली निराळ्या, आणि त्या सांगणारी म्हातारी बहुधा गांवींच राहिलेली. अशा ठिकाणीं तिघांनाहि सारखीच ठाऊक असलेली गोष्ट कोणती? पडद्यावर पाहिलेली! म्हणून ग्रामधर्म सांगण्याचें काम आपोआप पडद्याकडे गेलें.

१९९४ सालीं ‘हम आपके हैं कौन’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांत कथा थोडी आणि लग्नाचे सोहळे फार. आमच्याकडे नवरीच्या भावानें नवऱ्या मुलाचा कान पिळावा व मानाचें पागोटें किंवा पोषाख मिळवावा, अशी रीत. त्या चित्रपटानंतर नवरदेवाचे जोडे लपविणें हाच लग्नांतला मुख्य विनोद होऊन बसला, आणि कानपिळीला भाऊ शोधून आणावा लागूं लागला. शब्दांकडेहि लक्ष द्यावें. मराठीत ‘हळद’ होती, तिची ‘हळदी’ झाली. ‘मेंदी’ होती, तिची ‘मेहंदी’ झाली. घरांतल्या वस्तूचें नांव बदललें, कीं ती निराळ्या वाटेनें घरांत आली असें खुशाल समजावें.

हें आपल्याकडेच घडतें असें नव्हे. अमेरिकेंत वाङ्निश्चयाच्या अंगठींत हिरा असलाच पाहिजे, अशी आज दृढ समजूत आहे. ती एवढी दृढ कशी झाली? हिऱ्यांच्या व्यापारांतील डी बिअर्स कंपनीनें १९३८ सालीं एका अमेरिकन जाहिरात-संस्थेस हातीं धरलें. चित्रपटांतील नट्या, मासिकें यांच्या द्वारें हिरा व प्रेम यांची सांगड घातली. आणि १९४७ सालीं हिरा हा अक्षय आहे अशा अर्थाचें एक घोषवाक्य काढलें. एका पिढीच्या आंत विक्रेत्याची युक्ति कुळाचार बनली. तीच अंगठी आतां आमच्या साखरपुड्यांत आली आहे. ‘साखरपुडा’ या शब्दांत एक साखरेचा पुडा आहे, हें तरुण मंडळींना मुद्दाम सांगावें लागतें.

एवढ्यावरून रंगभूमि व पडदा हे घराचे वैरीच होत, असा निवाडा कोणी देईल तर तो अन्याय होईल. बालगंधर्व रंगभूमीवर जें लुगडें नेसत, जशी वेणी घालीत, तसें नेसण्यासजण्याचा सोस मराठी स्त्रियांना लागला. पुरुषानें स्त्रियांना वेषभूषा शिकवावी, ही केवढी मौज! त्याहून मोलाचें काम गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकानें केलें. तें १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. पैशाच्या लोभानें मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथास देऊं निघालेला बाप प्रेक्षकांनीं पाहिला, आणि तो त्यांना परका वाटला नाहीं, कारण तसे बाप त्यांच्याच आळींत होते. पुढें १९३७ सालीं प्रभात कंपनीच्या ‘कुंकू’ या बोलपटांत शांता आपट्यांच्या नीरेनें तोच प्रश्न अधिक कणखरपणें विचारला. मध्यंतरीं १९२९ सालीं बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ ठरलें. विधेयक आणणारे गृहस्थ अजमेरचे हरबिलास सारडा. परंतु आमच्याकडे तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला, आणि देवलांच्या शारदेवरूनच हें नांव पडलें असें मानणारीं माणसें आजहि भेटतात. समजूत चुकीची खरी, पण नाटकाच्या सामर्थ्याला याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

भक्तीच्या प्रांतांतहि असेंच घडलें. १९७५ सालीं ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आला आणि सोळा शुक्रवारांचें व्रत चाळीचाळींतून पसरलें. त्याला लागे काय, तर गूळ आणि चणे, व त्या दिवशीं आंबट वर्ज्य. मोलमजुरी करणाऱ्या बाईलाहि झेपेल असें तें होतें. म्हणूनच तें रुजलें.

नव्या हळदीचाहि एक गुण सांगितलाच पाहिजे. जुन्या हळदीला सवाष्णीच लागत. ज्या आत्यानें भाचीला अंगाखांद्यावर वाढविलें, ती विधवा असली तर दाराआड उभी राही. नव्या समारंभांत तिच भाची तिला हात धरून पुढें आणते आणि पहिलें बोट तिचें लावून घेते, असें मीं याच गांवांत एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे. जें काम सुधारकांच्या व्याख्यानांना पुष्कळ घरांत साधलें नाहीं, तें एका उसन्या समारंभानें सहज केलें. असा आचार कोठूनहि आलेला असो, तो ठेवून घ्यावा.

तेव्हां प्रश्न उसनवारीचा नाहीं. शारदेनें घराला विचार करावयास लावलें. आजचा पडदा बहुतेक वेळां घराला नुसता नमुना देतो, आणि नमुन्याबरोबर बिल येतें. सदनिकेचे हप्ते फेडीत असलेला बाप तीन सायंकाळींच्या सभागृहांसाठीं दुसरें कर्ज काढतो, आणि ‘लोक काय म्हणतील’ एवढेंच कारण सांगतो. ते लोकहि त्याच भीतीनें कर्ज काढीत असतात!

म्हणून माझी सूचना एवढीच. कंत्राटदाराला बोलाविण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांनीं एका रात्रीं जेवणें झाल्यावर एकत्र बसावें. प्रत्येक समारंभाचें नांव घेऊन विचारावें, यानें घरांतलें कोणतें माणूस जवळ येतें, आणि याचे पैसे कोण, किती वर्षें फेडणार? आजीला तिच्या माहेरची रीत विचारावी व ती लिहून ठेवावी. आणि सर्वांआधीं नवऱ्या मुलीला विचारावें. शारदेला तिच्या बापानें विचारलें नव्हतें. सव्वाशें वर्षांनंतर तरी आपल्या घरीं ती चूक राहूं नये.