टायर मोठे झाले, पासिंग तेवढीच राहिली

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत मालवाहू पिकअप आता धंद्याचा उजवा हात झाली आहे. सायझिंगवरून बीम, एजंटाच्या गोदामातून सूत, कारखान्यातून ग्रे कापड, सारे तिच्याच हौद्यातून फिरते. अलीकडे या गाड्या पुढून उचलून त्यांना मोठे, रुंद टायर बसवण्याची हौस तरुण मालकांत दिसू लागली आहे. गॅरेजवाले त्याला लेव्हलिंग किट म्हणतात. गाडी उंच झाली, टायर मोठे झाले, म्हणजे माल जास्त बसेल आणि रस्त्यावर रुबाबही राहील, अशी यामागची समजूत आहे. रुबाबाबद्दल आमचे काही म्हणणे नाही, ज्याची त्याची आवड. पण मालाचा हिशेब या समजुतीत साफ चुकतो. ज्यांची रोजी गाडीवर चालते त्यांनी तो नीट समजून घ्यावा, म्हणून हे चार शब्द.

आधी हे किट काय आहे ते पाहू. पिकअप रिकामी उभी असते तेव्हा तिचा मागचा भाग थोडा वर आणि तोंड थोडे खाली दिसते. हा कंपनीचा दोष नव्हे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते, असा तो मुद्दाम केलेला बेत आहे. अमेरिकेत पिकअप घरगुती गाडी म्हणूनही वापरतात. तिथे ती पुष्कळदा रिकामीच फिरते, म्हणून तिचे खाली झुकलेले तोंड लोकांना खटकते. ते पुढच्या स्प्रिंगला स्पेसर लावून तोंड इंच-दोन इंच वर घेतात आणि वाढलेल्या जागेत मोठे टायर बसवतात. त्यांची गरज त्यांच्यापाशी. आमची गाडी भरून चालते. तिचे तोंड उचलले तर माल भरल्यावर मागचा भाग बसतो, तोंड आभाळाकडे होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुढची अलाइनमेंट पुन्हा केली नाही तर टायर एका बाजूने झिजतात. मग मिस्त्री सांगतो, मागे दोन पाटे वाढवा. पाटे वाढले की सगळा बोजा आणखी उंचावर जातो आणि कसाऱ्यासारख्या घाटात वळणावर गाडी डुलू लागते. एका दुरुस्तीतून दुसरी निघते आणि खर्च मात्र प्रत्येक वेळी मालकाचा.

आता टायरचे गणित. टायरच्या बाजूवर १९५/८० आर १५ असे लिहिलेले असते. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ८० इतकी. १५ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत. या टायरचा पूर्ण व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. त्याच्या जागी २३५/७५ आर १५ लावला तर व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे शेकडा पावणेसहाने मोठा. गाडी मात्र याने फक्त २० मिलिमीटर, बोटभर, वर उठते. या बोटभर उंचीसाठी काय मोजावे लागते? स्पीडोमीटरवर ६० दिसते तेव्हा गाडी ६३ च्या पुढे धावत असते. खरे १०० किलोमीटर झाले तरी मीटरवर ९४-९५ च पडतात, त्यामुळे डिझेलचा हिशेब आणि सर्व्हिसिंगची वेळ दोन्ही चुकतात. घाट चढताना त्याच गिअरमध्ये ओढ कमी पडते. तेच ब्रेक, तेवढाच पायाचा दाब, पण मोठ्या चाकामुळे रस्त्यावर लागणारा जोर कमी होतो. भरल्या गाडीला नेमका हाच जोर जास्त हवा असतो.

सर्वांत मोठी गैरसमजूत वजनाची आहे. टायर किती वजन पेलतो हे त्याच्या आकारावरून नव्हे, तर मापाशेजारी छापलेल्या आकड्यावरून ठरते. तिथे १०६/१०४ असेल तर अर्थ असा की एकेरी चाकावर तो टायर ९५० किलो आणि जोडचाकावर ९०० किलो पेलतो. दिसायला मोठ्या, रुंद टायरवर १०५ असेल तर त्याची ताकद ९२५ किलोच. म्हणजे पैसे जास्त देऊन घरी कमी ताकदीचा टायर आणला असे होऊ शकते. समजा, जास्त ताकदीचा आणला, तरी गाडीचा एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी तीच आहे. साखळीचा जोर तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतका. आरसी बुकात लिहिलेली पासिंग टायर बदलल्याने एक किलोनेही वाढत नाही.

कापडाच्या धंद्यात डोळा फसतो, हेही लक्षात घ्यावे. १०० मीटरचा तागा १२ किलोचा धरला तर १०० ताग्यांचे १,२०० किलो झाले. सुताची गोणी ५० किलोची धरली तर २४ गोण्यांतच तेवढे वजन भरते आणि हौदा अर्धा रिकामा दिसतो. रिकामी जागा पाहून हमाल आणखी १० गोण्या चढवतो. म्हणून अंदाजावर न जाता एकदा वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली गाडी काटा करून पाहावी. काट्याची पावती गॅरेजच्या बिलापेक्षा फार स्वस्त पडते.

कायदाही माहीत असावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेते ती वेगळी.

मग टायर बदलायचाच असेल तर काय करावे? कंपनीने आपल्याच मॉडेलसाठी दिलेले माप घ्यावे, दुसरे नको. त्या मापात वजनाचा आकडा मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त आहे ना, ते पाहावे. टायरवर शेवटी चार आकडे असतात, त्यांतून बनावटीचा आठवडा आणि वर्ष कळते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. जुना पडून राहिलेला टायर चमक पाहून घेऊ नये. स्टेपनीही त्याच मापाची हवी, नाहीतर घाटात पंक्चर झाले की एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला लहान चाक घेऊन गाडी चालवावी लागते. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी. भरल्या गाडीत हवा कमी असली तर टायर तापतो आणि फुटतो. गाडीचे तोंड मात्र कंपनीने ठेवले तिथेच राहू द्यावे.

शेवटी आम्हा व्यापाऱ्यांबद्दल. ड्रायव्हर हौसेने जादा माल भरतो असे नाही. बाजारात भाडे खेपेवर ठरते आणि माल मात्र "एका खेपेत बसवा" म्हणून सांगितला जातो. मग गाडीवाला पाटे वाढवतो, टायर वाढवतो आणि जीव मुठीत धरून घाट उतरतो. जादा वजनाचा गुन्हा गाडी चालवणाऱ्यावर जसा लागतो तसा चालवायला लावणाऱ्यावरही लागतो, हे कायद्याच्या शब्दांतच आहे. आमच्या मते भाडे काट्याच्या वजनावर ठरवावे आणि पासिंगच्या वर माल असेल तर दुसऱ्या खेपेचे पैसे खुशीने द्यावेत. दुसऱ्या खेपेचा खर्च मीटरमागे काढला तर काही पैशांतच बसतो. रस्त्यावर उलटलेली गाडी, पावसात भिजलेला माल आणि इस्पितळात पडलेला ड्रायव्हर यांचा खर्च कोणत्याही मीटरमागे काढता येत नाही. गाडीवाल्याला मोठे टायर नकोत, त्याला वजनाप्रमाणे भाडे हवे आहे, आणि ते देणे आमच्याच हातात आहे.