परांची उतरवायची कधी?

गेल्या आठवड्यात सातवीच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसून इंग्रजीचा तास पाहिला. बाईंनी धड्यातलं एकेक वाक्य वाचलं, मराठीत अर्थ सांगितला आणि स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहिली. मुलांनी ती वळणदार अक्षरात उतरवून घेतली. पण अख्ख्या तासात एकाही मुलावर इंग्रजीतून काही शोधायची, ठरवायची वेळ आली नाही. बाईंच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. म्हणूनच आज यावर लिहायचं ठरवलं.

डी. एड. करताना आपण सगळ्यांनी व्हिगॉट्स्कीवर टीप लिहिलेली असते. मूल एकट्याने काय करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने काय करू शकतं, या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं, असं त्यांनी मांडलं. आज मदतीने जमलेलं उद्या एकट्याने जमतं. या मदतीला वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ साली जे नाव दिलं, त्याला आपल्या गवंड्याकडे नेमका शब्द आहे : परांची. भिंत चढते तशी परांची चढते आणि काम झालं की उतरते. आपल्या इंग्रजीच्या तासाला मात्र भिंतही आपणच बांधतो आणि मुलांना लांबून दाखवतो.

हा सिद्धांत मला चालताबोलता दिसतो तो एन. एस. प्रभू यांच्या बेंगळुरू प्रकल्पात. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या, भरगच्च वर्गांत तो चालला. तिथे व्याकरणाचे पाठ नव्हते. वेळापत्रकं, नकाशे यांवरची कोडी होती. आधी शिक्षक तसंच एक कोडं सगळ्या वर्गाला बरोबर घेऊन, प्रश्न विचारत सोडवत. मग दुसरं कोडं मुलांनी एकेकट्याने सोडवायचं. अवघड किती असावं, याचा प्रभूंचा अंदाजही साधा होता : निम्म्या वर्गाला निम्मं तरी जमलं पाहिजे.

हेच मी एका गावातल्या शाळेत करून पाहिलं. फळ्यावर दोन एसटी गाड्या लिहिल्या. एक सव्वासहाला सुटून पावणेनऊला पोचणारी, दुसरी साडेसातला सुटून दहाला पोचणारी. आजीला नऊ वाजता दवाखान्यात पोचायचंय, तिने कुठली गाडी धरावी, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. मग विचारलं, काकांचं अकराला कचेरीत काम आहे आणि त्यांना पहाटे उठवत नाही, तर? बराच वेळ गप्प बसलेला एक मुलगा म्हणाला, "सेव्हन-थर्टी बस. रीच टेन." मी म्हणालो, "येस, इट रीचेस ॲट टेन." त्याला चुकलं असं म्हटलं नाही. पुढच्या कोड्यात तोच म्हणाला, "नो सर, इट रीचेस लेट." त्या एका शब्दापुरती परांची उतरली होती.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. इतक्या वर्षांनंतरही शिक्षक उत्तरं लिहून का देतात? कारण तपासणीला आलेले साहेब वह्या पाहतात. वही पूर्ण असली की तास झाला. कोड्याच्या तासाला वहीत जेमतेम तीन ओळी उमटतात, त्याही खाडाखोडीच्या. शिक्षकाने हा धोका कुणाच्या भरवशावर पत्करायचा?

म्हणून माझी मागणी साहेबांकडे आहे. वह्या जरूर पाहा, पण जाताना फळ्यावर एक नवं कोडं लिहा आणि पाच मिनिटं थांबा. निम्म्या वर्गाला निम्मं जमलं, तर खाडाखोडीच्या त्या तीन ओळींवर बिनदिक्कत सही करा.